राजीनामा लिहिण्याआधी: नोकरी धरून ठेवायची की पुन्हा शिकायला जायचं?

एप्रिलच्या पगारवाढीत मला ६०० रुपये मिळाले आणि त्याच आठवड्यात मी राजीनामा टाकला. आयटीआय फिटर, वाळूजच्या एमआयडीसीत सव्वाचार वर्षं काढलेली. सगळ्यांना सांगितलं, डिप्लोमा करणार. प्रवेशाची यादी लागली ऑगस्टमध्ये. मधले चार महिने मित्राच्या मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवत बसलो. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे सलग नोकरीबद्दल सोडताना कंपनी देते त्या रकमेसाठी, पाच वर्षं भरायला नऊ महिने बाकी होते, तीही गेली. डिप्लोमा झाला, नोकरीही बरी लागली, पण तो रस्ता मी फार महाग विकत घेतला. त्यानंतर कंपनीतली पोरं, गावाकडचे मावस-चुलत भाऊ-बहिणी हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना जे क्रमाने करायला सांगतो ते इथं लिहितोय. विशी-पंचविशीत आहात, दहावी-बारावी, आयटीआय किंवा अर्धवट सुटलेल्या पदवीवर काम करताय, तर हे तुमच्यासाठी.

आधी राग बाजूला काढा

शिकायची इच्छा आणि सुपरवायझरचा कंटाळा बाहेरून अगदी सारखे दिसतात. मला त्या एप्रिलमध्ये शिकायचं कमी आणि साहेबाला दाखवून द्यायचं जास्त होतं. म्हणून पहिलं काम असं: वहीत एक वाक्य लिहा. ‘मला अमुक काम हवं आहे आणि त्यासाठी तमुक कागद लागतो.’ दोन्ही जागा नेमक्या शब्दांनी भरल्या पाहिजेत. ‘चांगली नोकरी’ आणि ‘पुढचं शिक्षण’ लिहिलं तर ती जागा रिकामीच धरा.

पोलीस शिपाई व्हायचंय तर बारावी लागते. राज्यसेवेला पदवी लागते, बहुतेक पदांना कुठल्याही शाखेची चालते. कंपनीत लाईन सुपरवायझरला बहुतेक ठिकाणी डिप्लोमा मागतात. वेल्डिंगमध्ये जास्त पगार हवा असेल तर कॉलेजच्या तीन वर्षांपेक्षा एखाद्या प्रक्रियेची परीक्षा देऊन मिळालेलं वेल्डर प्रमाणपत्र जास्त कामाचं ठरू शकतं. म्हणजे कागद लागतोच, पण तो प्रत्येक वेळी कॉलेजातूनच येतो असं नाही.

दुसरी जागा कशी भरायची? तुम्हाला ज्या खुर्चीत बसायचंय तिथं आज बसलेली दोन माणसं शोधा आणि विचारा, ‘दादा, तुम्ही इथवर कसे आलात?’ मग त्याच कामाच्या दहा जाहिराती वाचा आणि शिक्षणाची अट तेवढी वहीत उतरवा. ‘पूर्णवेळ’ हा शब्द किती जाहिरातींत आहे ते मोजा, पुढे त्याचं काम पडणार आहे. शेवटी एचआरला एकच प्रश्न: इथं काम करत डिप्लोमा किंवा पदवी घेतली तर ग्रेड बदलते का, आणि आजवर कुणाची बदलली? ‘बघू, होईल’ असं उत्तर आलं तर नाही समजा. पुष्कळ कारखान्यांत ऑपरेटर म्हणून लागलेला माणूस पुढे डिप्लोमा झाला तरी रजिस्टरवर ऑपरेटरच राहतो. नव्या कागदाची किंमत मिळवायला त्याला दुसऱ्या गेटवर जावं लागतं. हे आधी कळलेलं बरं.

वाक्यात ‘स्पर्धा परीक्षा’ आलं असेल तर जरा थांबा. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवरची खोली म्हणजे शिक्षणाकडे परत जाणं नव्हे. कॉलेजची तीन वर्षं संपली की हातात निदान पदवी असते, पण तीन वर्षांच्या तयारीनंतर यादीत नाव नसेल तर हात रिकामे राहतात. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे. म्हणजे बाविसाव्या वर्षी नोकरी सोडायची घाई नाही. पण हीच सवलत माणसाला पस्तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसवूनही ठेवते. जायचंच असेल तर किती प्रयत्न आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे घरच्यांसमोर लिहून मग जा.

शिक्षण नेमकं कुठं तुटलं?

‘माझं शिक्षण राहिलं’ एवढ्यानं भागत नाही. कुठल्या इयत्तेत, कुठल्या विषयात, कुठल्या साली, हे कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

दहावी किंवा बारावी राहिली असेल तर कॉलेजात रोज जाऊन बसायची गरज नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. तो फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच भरायचा असतो. दिवाळीनंतर चौकशीला गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथं एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. राज्य मंडळात पास झालेल्या विषयांपैकी दोनांचे गुण तिकडे वळवूनही घेता येतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हा रस्ता जास्त झेपतो असा माझा अनुभव आहे. एका सत्रात एक-दोन विषय उरकत गेलं की डोक्यावर डोंगर राहत नाही.

दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल तर तुम्ही अनेकांच्या पुढे आहात आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. डिप्लोमाला पहिल्या वर्षापासून बसायची गरज नाही, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे डिप्लोमा दोन वर्षांत. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसरं वर्ष मिळतं. आयटीआयनंतर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घ्यायचीही सोय आहे. तुमच्याच आयटीआयच्या कार्यालयात जाऊन विचारा.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण म्हणजे अर्धवट पदवी. एसवाय बीकॉमला दोन विषय राहिले, एटीकेटी घेऊन टीवायला गेलो, मग घरात अडचण आली आणि कामाला लागलो. ही गोष्ट मी इतक्या जणांकडून ऐकलीय की आता पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. इथं पहिला प्रश्न पॅटर्नचा. विद्यापीठं काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात. जुन्या पॅटर्नचे राहिलेले विषय ठरावीक मुदतीतच देता येतात, नंतर समकक्ष विषय द्यावे लागतात किंवा पुन्हा नव्यानं प्रवेश घ्यावा लागतो. काही वेळा विद्यापीठ जुन्या विद्यार्थ्यांना एखादी विशेष संधी जाहीर करतं. कॉलेजच्या खिडकीवरचा क्लार्क तोंडी काय सांगतो त्यावर विसंबू नका. सगळ्या गुणपत्रिका आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक दिवसाची रजा जाईल, पण तीन वर्षांचं काम दोन पेपरांवर येऊ शकतं. राहिलेले पेपर अजून देता येत असतील तर निर्णय झाल्यातच जमा आहे: नोकरी सोडू नका, पेपर काढा.

नोकरी न सोडता काय होतं, काय होत नाही

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं ते अशाच लोकांसाठी. जिल्ह्या-तालुक्यांत त्याची अभ्यासकेंद्रं आहेत, पुस्तकं मराठीत आहेत आणि बीए-बीकॉमची फी साध्या पगारातून भरता येण्यासारखी असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आपलं इग्नू, १९८५ पासून आहे. तिथं जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा प्रवेशाची संधी असते. यूजीसीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची मुक्त विद्यापीठातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, राज्यसेवेच्या परीक्षेलाही ती चालते. ‘मुक्तची डिग्री कोण विचारतं’ असं म्हणणाऱ्या काकांना कोणत्या जाहिरातीत नाकारली ते दाखवायला सांगा. मात्र मघाशी वहीत मोजलेला ‘पूर्णवेळ’ हा शब्द खासगी कंपन्यांच्या जाहिरातींत वारंवार आला असेल, तर त्या दारापुरतं काकांचं म्हणणं बरोबर आहे.

जे घरी बसून होत नाही ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथंच होते. इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा पत्राद्वारे होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. नर्सिंग, फार्मसी, वकिलीचंही तेच. तरीही प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या चौकात ‘एका वर्षात डिप्लोमा, जॉब करत डिग्री’ असा फलक लावून कुणीतरी बसलेला असतोच. तो दूरच्या राज्यातल्या विद्यापीठाचं नाव सांगतो, मागची तारीख टाकून गुणपत्रिका देतो आणि पैसे रोख घेतो. कंपनीच्या पडताळणीत असा कागद पकडला गेला तर आहे ती नोकरीही जाते.

मग काम करत डिप्लोमा करायचाच असेल तर? एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी डिप्लोमा आणि पदवीच्या तुकड्या चालवायची परवानगी काही संस्थांना दिली आहे. वर्ग सोयीच्या वेळेत असतात. कामाचा अनुभव लागतो आणि कामाचं किंवा राहण्याचं ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतरात असावं लागतं. सगळ्या कॉलेजांत ही सोय नाही आणि सगळ्या शाखाही नाहीत. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये ‘वर्किंग प्रोफेशनलची बॅच आहे का’ असं विचारा आणि मान्यतेचं पत्र त्याच वर्षाचं आहे का ते पाहा. कंपनीकडून अनुभवाचा दाखला आणि एनओसी लागेल. साहेबांशी बोलताना ‘सर, मला शिकायचंय’ एवढंच बोलू नका. कुठले दिवस, किती वाजता, कोणती शिफ्ट हवी आणि बदल्यात मी काय करीन, हे कागदावर मांडून जा. रविवारची ड्युटी घ्यायची तयारी दाखवली तर फर्स्ट शिफ्ट कायम करून मिळाल्याची उदाहरणं मी पाहिलीत.

हिशोब, आणि तो उलट बाजूनं

बहुतेक जण फीचा हिशोब करतात. खरा खर्च बंद होणाऱ्या पगाराचा असतो.

समजा हातात १८,००० रुपये पडतात. थेट दुसऱ्या वर्षाला पूर्णवेळ डिप्लोमा, म्हणजे २४ महिने. गेलेला पगार ४,३२,०००. फी, प्रवास, पुस्तकं मिळून दोन वर्षांचे ६०,००० धरू. एकूण ४,९२,०००. डिप्लोमानंतर पगार २४,००० झाला, म्हणजे महिन्याला ६,००० जास्त, तर ही रक्कम भरून निघायला ८२ महिने लागतात. सात वर्षांना दोन महिने कमी. फरक १०,००० चा पडला तर ४९ महिने, चार वर्षं आणि वर थोडं.

आता तेच नोकरी करत. फी जास्त, समजा दोन वर्षांची मिळून १,००,०००. ओव्हरटाईम बुडाला महिन्याला ३,०००, म्हणजे ७२,०००. एकूण १,७२,०००. त्याच ६,००० च्या फरकानं २९ महिन्यांत वसूल.

हे आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण दोन गोष्टी त्यात घालायला विसरू नका. एक, नोकरीत राहिलात तर पगार आहे तिथंच थांबणार नव्हता, वर्षाला थोडा तरी वाढलाच असता. दोन, आणि ही सहसा कुणी सांगत नाही: डिप्लोमा झालेला पोरगा पहिली एक-दोन वर्षं ट्रेनी म्हणून लागतो आणि त्याचा स्टायपेंड पाच वर्षं जुन्या ऑपरेटरच्या पगारापेक्षा कमी असू शकतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. बायकोला हे समजावताना पुरेवाट झाली होती.

कंत्राटी असाल, दर सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळत असेल, तर मात्र गणित पालटतं. जो पगार उद्या असेलच याची खात्री नाही तो सोडण्याचा तोटा कमी. अशा मुलांना मी लवकर शिकायला जा म्हणतो. परमनंट असाल तर दहादा विचार करा.

मुलींसाठी एक वेगळी ओळ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. पॅकिंग लाईनवर काम करणाऱ्या कितीतरी मुली फीच्या भीतीनं चौकशीसुद्धा करत नाहीत. बाकी शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहेत, पण पैसे उशिरा येतात. त्यांच्यावर खोलीभाडं अवलंबून ठेवू नका.

शैक्षणिक कर्जाचं थोडक्यात: हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सरकारी पॉलिटेक्निकच्या फीसाठी कर्ज काढायची सहसा वेळच येत नाही. खरी अडचण गाडीच्या हप्त्याची असते. पंधरा हप्ते बाकी असताना नोकरी सोडायची असेल तर आधी गाडीचं काय ते ठरवा.

तीन आठवड्यांची परीक्षा

हिशोब जुळला तरी फॉर्म भरायची घाई नको. तीन आठवडे रोज दीड तास अभ्यास करून बघा आणि त्यात एक आठवडा नाईट शिफ्टचा असलाच पाहिजे. ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढा. डिप्लोमाला जाणाऱ्या आयटीआयवाल्यानं गणित घ्यावं. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली पोरं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि गणित आलं की आपटतात, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी पाहिलेलंच नसतं. लेथवर हात बसलेला माणूस इंटिग्रेशनपुढे रडकुंडीला आलेला मी पाहिलाय. आरशात पाहिलाय.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर अभ्यास झालेल्या दिवसावर खूण करा. एकवीसपैकी पंधरा खुणा आल्या तर काम करत शिकायला हरकत नाही. आठ-दहा आल्या तर दोन अर्थ निघतात: एक तर कामाच्या थकव्यात अभ्यास होत नाही, म्हणून पूर्णवेळच जावं लागेल, नाहीतर विषयच आवडत नाही. कोणता अर्थ खरा ते सुट्टीच्या दिवशी कळतं. सुट्टीलाही पुस्तक उघडलं नसेल तर थकव्याला दोष देऊ नका.

घरी काय बोलायचं

घरी पैसे पाठवत असाल तर निर्णय एकट्याचा नाही. आई-वडिलांना ‘शिकायचंय’ म्हटलं तर ते नाही म्हणणार नाहीत, उलट डोळ्यांत पाणी आणतील, आणि मग खताच्या वेळी पैसे कमी पडले की कुणी काही बोलणार नाही. म्हणून आकड्यांत बोला: ‘अण्णा, जुलैपासून दर महिन्याचे पाच हजार येणार नाहीत, दोन वर्षं. कसं करायचं?’ बहिणीचं लग्न, घराचं बांधकाम, वडिलांचं ऑपरेशन यातलं काही त्या दोन वर्षांत येतंय का, तेही तिथंच निघेल. लग्न झालेल्या मुलींना अभ्यासाचे दोन तास कुणी आपणहून देत नाही. स्वयंपाक कोण करणार आणि मूल कोण सांभाळणार, हे सासूबाईंसमोर नवऱ्याच्या तोंडून बोललं गेलं पाहिजे, प्रवेशाच्या आधी.

सोडायचंच ठरलं तर

क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग जागा, मग राजीनामा.

शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र. यातलं जात वैधतेचं काम महिनोन्महिने रेंगाळू शकतं, म्हणून ते आदल्या दिवाळीत सुरू करा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथंच अडतं. मूळ कागद कंपनीकडे किंवा ठेकेदाराकडे जमा असतील तर आत्ताच, काहीतरी साधं कारण सांगून, परत घ्या.

फॉर्म नोकरीत असतानाच भरा. पडताळणीला रजा टाकून जा. यादीत नाव आलं, जागा पक्की झाली, पावती हातात पडली, की त्या दिवशी नोटीस द्या. नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूकपत्रात आधी वाचून ठेवा, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या आठवड्याशी ओढाताण होत नाही.

पाच वर्षांच्या जवळ असाल तर ग्रॅच्युइटीचा आकडा काढा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याला २६ नं भागा, १५ नं आणि वर्षांनी गुणा. ११,००० वर पाच वर्षांचे साधारण ३१,७०० होतात. सरकारी पॉलिटेक्निकच्या फीला ते पुरून उरतील. नऊ महिन्यांसाठी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा की नाही, हे तुमच्या वयावर आणि पगारावर आहे. मी बाविशीत असतो तर ढकलला असता.

शेवटच्या दिवशी गेटपास जमा करायच्या आधी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर घ्या. पीएफ काढायची घाई करू नका, पुढच्या नोकरीत त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, खातं चालू होतं. पण कंपनीनं त्यावर सोडल्याची तारीख भरलीय का, ते महिना-दोन महिन्यांनी मोबाईलवर तपासा. नसेल भरली तर तेव्हाच फोन करा. दोन वर्षांनी तिथला एचआर बदललेला असतो आणि नवा माणूस तुम्हाला ओळखत नाही.